तुम्ही विचारलंत म्हणून: चेहऱ्याखाली नाव का लिहीत नाही

महायुद्धांच्या काळात चित्रित झालेल्या जुन्या फिती तपासून त्या कुठल्या, केव्हाच्या आणि कोणत्या पलटणीच्या हे ठरवणे हा माझा उद्योग आहे. त्या गावोगावी दाखवून झाल्या की एक प्रश्न हमखास येतो: ‘यात आमचे पणजोबा असतील का?’ ‘सांगता येत नाही’ हे माझे उत्तर ऐकून दुसरा येतो, तो जरा चढ्या आवाजात: ‘असतील म्हणायला तुमचे काय जाते?’ इतकी वर्षे हसून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट लिहितो.

फितीवर दिसते ते सगळे खरोखर घडलेले असते असे नाही. पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरचा ‘बॅटल ऑफ द सोम’ हा चित्रपट ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे २ कोटी तिकिटे खपली, असे मानतात. खंदकातून वर चढणारे शिपाई आणि त्यांतला गोळी लागून मागे घसरणारा एकजण हे त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी मुद्दाम उभे केलेले होते. त्याच चित्रपटात जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन येणारा शिपाई मात्र खरा आहे. तो आमचाच, असे आजवर अनेक घराण्यांनी सांगितले, आणि त्याचे नाव अजून निश्चित झालेले नाही. जिथे कागदपत्रे इतकी जपली गेली तिथे ही स्थिती. हिंदी शिपायांच्या फितींवर तर ‘हिंदी सैनिक’ एवढीच पाटी असते, आणि मी कोणाचे नाव कशाच्या आधारावर लिहायचे?

हे झाले शहाण्यासारखे उत्तर. खरे कारण वेगळे आहे.

सहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून, मी फ्रान्समध्ये १९१५ साली चित्रित झालेला एक तुकडा दाखवत होतो. ओळीने बसून जेवणारे शिपाई. त्यांतला एकजण घास हातात धरून क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहतो आणि लाजल्यासारखा मान फिरवतो. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणत, उठून पडद्याजवळ गेले. मी चित्र थांबवले. त्यांच्या डोक्याची सावली अर्ध्या पडद्यावर पडली होती. त्या शिपायाच्या कानाच्या पाळीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘ह्ये आमचं आजं. कान बघा, सर. आमच्या समद्या घराचं कान असंच हायेत.’ लोक टाळ्या वाजवू लागले.

मीही वाजवायला हव्या होत्या का, हे आजही मला ठरवता आलेले नाही. कारण त्याच सकाळी त्यांच्या घरी मी ती ब्राँझची तबकडी पाहिली होती. युद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने पाठवलेली, टीचभर रुंदीची, देव्हाऱ्यात ठेवून वर्षानुवर्षे हळदकुंकू वाहिलेली. तिच्यावर इंग्रजीत आजोबांचे नाव होते आणि कडेने ‘स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला’ अशा अर्थाची ओळ. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे तबकडी सांगत नाही. सोबत जपलेल्या कागदावर ११० व्या मराठा पलटणीचा उल्लेख होता. ती पलटण १९१५ मध्ये फ्रान्सला नव्हतीच. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होती, डिसेंबरात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी सैन्याने शस्त्रे ठेवली तेव्हा कैद झालेल्या सुमारे १३ हजारांत तिचे शिपाई होते. आजोबा त्या कैदेतून परतले नाहीत.

हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितले. एका पलटणीतले शिपाई तूट भरून काढण्यासाठी दुसऱ्या पलटणीत पाठवले जात, ही पुस्ती जोडणे मला शक्य होते. ती सुचली परतीच्या एसटीत. तात्यांनी बोट पडद्यावरून काढले नाही. म्हणाले, ‘माज्या बापानं बी त्यास्नी कधी बगितलं न्हाई. मला वाटलं, मी तरी बगितलं.’ मग ते जागेवर जाऊन बसले आणि मी पुढचा तुकडा लावला. लावायला नको होता.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांचे बहुतांशी पलटणवार आकडे आले. ज्या माणसाचे नावही दगडावर नाही त्याला निदान एक चेहरा मिळत असताना मी तारखा काढून बसलो, या आरोपाला माझ्याजवळ उत्तर नाही. पण तो लाजून मान फिरवणारा शिपाईही कोणाचा तरी आजोबा आहे. आज मी त्याला साताऱ्याचा केला, तर उद्या गढवालातून किंवा कांगड्यातून कोणी त्याला शोधत आले तर त्यांनी काय पाहावे?

आणि मी नेहमीच इतका सोवळा नव्हतो. सुरुवातीच्या काळात एका बाईंना मी ‘असतील, असतील’ म्हणालो होतो. पुढे ते छायाचित्र गावाच्या स्मरणिकेत नावानिशी छापले गेले, खाली ‘तज्ज्ञांनी ओळख पटवली’ असे लिहून. तो तज्ज्ञ मी. तेव्हाचा मी मला आज बेजबाबदार वाटतो. त्या शाळेतल्या मला पाहून तो कोणता शब्द वापरेल याची कल्पना आहे.

तात्यांनी नंतर पत्र पाठवून त्या शिपायाच्या चित्राची प्रत मागितली. मी पाठवली, खाली टाइप करून: ‘हिंदी पायदळाचा शिपाई, फ्रान्स, १९१५’. गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेलो तेव्हा चित्र चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावलेले होते, वर चंदनाचा हार, आणि खालची पट्टी कात्रीने सरळ कापून काढलेली. तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मी चित्राकडे. ‘चहा घ्या, सर,’ ते म्हणाले. मी घेतला.