मला चांगल्या दिवसांचीच भीती वाटते

काल रात्री व्यायामाची वही काढून बसले आणि मोजलं. मागच्या जुलैपासून आत्तापर्यंत व्यायाम पूर्ण बंद पडला असं ५ वेळा झालंय, सगळ्यात कमी ६ दिवस, सगळ्यात जास्त १९ दिवस. आणि त्या ५ पैकी ४ वेळा, बंद पडायच्या आदल्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलंय, "आज अजिबात दुखलं नाही."

हे बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण मला इतके दिवस वाटत होतं की माझा व्यायाम मोडतो तो दुखण्यामुळे, नाहीतर पाहुणे, सणवार, पाऊस यांच्यामुळे. वही वेगळंच सांगतेय. बरं वाटतं त्या दिवशी मी जास्त करते आणि मग पुढचा आठवडा जातो.

थोडं मागून सांगते. मी ४९ वर्षांची, पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ राहते, आणि ११ वर्षं माझा व्यायाम म्हणजे पर्वती. १०३ पायऱ्या, रोज ३ राऊंड, रविवारी ५. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ओट्याखालच्या कपाटातले डबे काढत होते, उकिडवी बसलेली, उठता उठता फोन घ्यायला वळले आणि उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला अशी कळ गेली की तिथेच बसले. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म. एमआरआयमधे निघालं की मेनिस्कस फाटलाय, म्हणजे गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधे जी गादी असते ती. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे ती झिजत आलेलीच असते, वळणं हे निमित्त.

मला आधी ऑपरेशनच हवं होतं, एकदाचं करून टाका आणि मोकळं करा. डॉक्टर म्हणाले गुडघा अडकत नाहीये, आधी ३ महिने फिजिओ मनापासून करा. मला ते पटेना म्हणून घरी येऊन वाचत बसले, तेव्हा फिनलंडमधला २०१३ चा अभ्यास सापडला. माझ्यासारख्याच झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ लोकांपैकी साधारण अर्ध्यांची दुर्बिणीने खरी शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांवर नुसतं शस्त्रक्रिया केल्यासारखं केलं, कोणाला काय केलंय ते पेशंटना माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्हीकडचे लोक सारखेच सुधारले होते. आणखी एक कळलं की या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतोच, म्हणून हाड जुळतं तशी ती जुळून येईल असं नाही. म्हणजे मांडीचे स्नायू मजबूत करायचे आणि गुडघ्यावरचा भार त्यांनी उचलायचा, एवढंच माझ्या हातात होतं आणि तेही रोज.

फिजिओवाल्या मुलीने पहिला व्यायाम काय दिला तर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, १० मोजायचे, सोडायचं. ११ वर्षं पर्वती चढलेल्या बाईला हा व्यायाम. मला तिथेच रडू आलं. पण खरं सांगते, मला तो जमत नव्हता. ती माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, हा मसल झोपलाय, बघा." टेपने मोजलं तर ३ आठवड्यांच्या आरामात उजवी मांडी डावीपेक्षा २ सेंटीमीटर बारीक झाली होती. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप कमी काम करतो, आपण कितीही जोर लावा, हे तिनेच समजावलं. "गुडघ्याला आराम दे गं" असं मला त्या ३ आठवड्यांत घरातल्या, शेजारच्या सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं आणि मी तो इमानेइतबारे दिला होता. पहिले ३-४ दिवस ठीक, पण त्यानंतरच्या आरामाने माझं नुकसानच झालं.

वही तिनेच सुरू करायला लावली. काय केलं, करताना १० पैकी किती दुखलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं. करताना ३ पर्यंत दुखलं तर चालेल, पण खरा निकाल दुसऱ्या सकाळी लागतो. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सकाळी दुधाची पिशवी आणायला जिना उतरते तीच माझी टेस्ट. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं, इतकं सरळ आहे ते.

सरळ आहे, पण मी ऐकलं नाही. नवरात्रापर्यंत मी छान सुधारले होते, सारसबागेत सपाटीवर २५ मिनिटं चालत होते. एक दिवस सकाळी काहीच दुखेना, इतकं हलकं वाटलं की मैत्रिणींबरोबर पर्वतीवर गेले, २ राऊंड मारले, वर हवा काय सुंदर होती, डोळे भरून आले माझे, आणि संध्याकाळी त्याच आनंदात सोसायटीच्या भोंडल्यात हत्तीभोवती तासभर फेर धरला. रात्रीसुद्धा ठीक होतं. सकाळी दूध आणायला गेले तर चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले, खालीही जाता येईना, वरही. तेच ते १९ दिवस.

नंतर वाचलं की कृत्रिम गुडघ्यांत सेन्सर बसवून हा भार प्रत्यक्ष मोजलेला आहे, सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीच पटीच्या थोडा वर भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या जवळ. माझं वजन ६८. म्हणजे पर्वती उतरताना प्रत्येक पायरीला २३० किलोच्या वर, आणि अशा २०६ पायऱ्या. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढणं अवघड वाटतं, पण उतरणं जड असतं आणि ते त्या वेळी जाणवत नाही.

त्यानंतर एक ठरवलं. उद्या काय करायचं ते आज रात्री वहीत लिहायचं आणि सकाळी कितीही बरं वाटलं तरी त्याच्या वर जायचं नाही. कमी करायला परवानगी आहे, जास्त करायला नाही. वाढवायचं ते आठवड्यातून एकदाच आणि एकच गोष्ट, चालणं वाढवलं तर पायऱ्या तेवढ्याच. शिवाय वाईट दिवसासाठी ६ मिनिटांचा संच, तो अंथरुणावर बसूनही होतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते ते सगळ्यांना माहितीये, पण पूर्वी एका वेळी सलग १० मिनिटं तरी हवीत अशी अट होती ती त्यांनी २०२० मधे काढून टाकली, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझी ६ मिनिटं पण धरायची.

जानेवारीत डावा खांदा धरला. फ्रोजन शोल्डर. ब्लाउजचा हूक लावता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग. हा चाळिशी ते साठीत जास्त होतो, मधुमेह असला तर आणखी जास्त, म्हणून लगेच शुगर तपासली, ती काठावर निघाली. पूर्वीची मी असते तर सगळंच सोडून दिलं असतं. या वेळी गुडघ्याचं चालू ठेवलं आणि त्यात भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम घातला, जिथपर्यंत बोटं पोचली तिथे पेन्सिलची खूण. भिंत खराब दिसते, दिसू दे. खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही, याला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्तही लागतं.

मांडी घालून बसता येत नाही याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. परवा घरी सत्यनारायण होता, सगळ्या बायका खाली पंगतीत आणि मी खुर्चीवर. सासूबाईंनी काही न बोलता स्वतःसाठी पण खुर्ची मागवली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

सध्या पर्वतीच्या ४० पायऱ्या चालू आहेत. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, हात कठड्यावर. मैत्रिणी वर जाऊन येतात तोपर्यंत मी खाली सपाटीवर चालते. आज सकाळी दूध आणताना गुडघा अजिबात दुखला नाही. उद्यासाठी वहीत ४० च लिहिल्यात.