मोहरीएवढे फोड

म्हापशाहून आलेल्या काकांनी केस उघडली, गिटार बाहेर काढली आणि काही न बोलता खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. वरची स्प्रूस लाकडाची फळी जुन्या तुपासारखी पिवळी झालेली. उजवा हात टेकतो तिथे चकाकी गेलेली आणि बोट लावलं की चिकटतंय. खाली कडेला अंगठ्याएवढे दोन तपकिरी डाग, आणि त्या डागांवर लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत लेप, बारीक बारीक फुगून आलेलं. गिटार त्यांच्या वडिलांची. ते तारवटी, म्हणजे खलाशी, होते, बोटीवरून परत येताना ती आणलेली. एका दुकानात काकांना सांगण्यात आलं होतं, "सगळं खरवडून पी.यू. मारू, नवी दिसेल." पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप.

मी म्हटलं, काका, आधी हिच्यावर काय चढवलंय ते बघू या.

सावंतवाडीत आमच्या घरी पॉलिशचा वास लहानपणापासून आहे. बाबा दारं, पाळणे, देव्हारे यांना चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करायचे. स्पिरिटमध्ये चपडा भिजत घालायचा, कापसाची गादी मलमलीत बांधायची आणि हातावर हात चढवत जायचा. मी शेजारी बसून डबा हलवायचे. ते एकच सांगायचे, "घाय करू नको गो, ताका सुकाक दी." गिटारीकडे मी पुढे कधीतरी वळले, पण हात तोच आहे.

काकांच्या गिटारीचा पट्ट्याचा खिळा काढून त्याखालच्या जागेवर आधी स्पिरिटचा बोळा लावला. फारसं काही झालं नाही. चपडा असता तर लगेच विरघळला असता. मग थिनरचा एक थेंब. तो टेकताच पृष्ठभाग मऊ पडला. म्हणजे एन.सी., नायट्रोसेल्युलोज लॅकर. पी.यू. असतं तर थेंब नुसता उडून गेला असता. हे एन.सी. 1920 च्या दशकात मोटारगाड्यांवर आलं आणि लवकरच गिटारीवरही चढलं. त्याचा मोठा गुण म्हणजे नवा कोट खालच्या कोटात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्ती बेमालूम होते. दोषही तिथेच आहे: ते कधीच पुरतं निबर होत नाही. स्टँडच्या रबरात किंवा पट्ट्याच्या प्लॅस्टिकमध्ये ते रबर-प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून जे तेलकट द्रव्य असतं, ते हळूहळू लॅकरमध्ये उतरतं आणि लॅकर विरघळल्यासारखं फुगतं. काकांच्या गिटारीवरचे दोन डाग बरोबर स्टँडच्या दोन बोटांच्या जागी होते. हाताखालचं चिकट झालं ते घामाने.

2020 नंतर तर सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी धरलेल्या गिटारी आल्या. चपड्याच्या पॉलिशवर बोटांचे ठसे अक्षरशः कोरले गेले होते. डीट हे रसायन असलेलं, डास पळवायचं मलमही तेवढंच वाईट.

पण फोडांचं खरं शिक्षण मला माझ्या स्वतःच्या चुकीतून मिळालं. जुलै महिना होता, आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, आणि एका मुलाला त्याची महोगनीच्या पाठीची गिटार परीक्षेआधी हवी होती. मी कम्प्रेसर लावून लॅकर फवारलं. पहिल्याच कोटाला दुधाळ झाक आली. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. ती झाक सावकाश उडणारा थिनर हलका फवारून निघाली. मग मी दुसरी चूक केली: वरून जाड कोट मारला. दुसऱ्या दिवशी दोन तास ऊन पडलं म्हणून गिटार अंगणात ठेवली. वरचा पापुद्रा आधीच सुकला होता, आत थिनर अडकलेला, शिवाय महोगनीची छिद्रं मी नीट भरलेली नव्हती, त्यांत हवा. उन्हाने सगळं वर ढकललं. संध्याकाळी भिंग घेऊन पाहिलं तर लाकडाच्या रेषेरेषेने फोडांची रांग, मोहरीएवढे, काही त्याहून बारीक, एखाद्या पाण्यात उकळी फुटायच्या आधी तळाशी दिसतात तसे.

एकेक फोड सुईने फोडला. काडीच्या टोकाने लॅकरचा थेंब भरला. सुकला की बसतो, म्हणून पुन्हा थेंब, असं चार दिवस. मग तीन आठवडे हात लावला नाही. नंतर दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मधल्या उघड्या धारेने उंचवटे तासले, आणि 1000, 1500, 2000 नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे बारीक पॉलिश कागद, साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवले. साउंडहोलच्या कडेला पाणी मी जाऊ दिलं नाही. तिथे उघडं लाकूड असतं, ते फुगतं. त्या मुलाची परीक्षा उसन्या गिटारीवर झाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

काकांची गिटार खरवडायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. घासताना लाकूडही जातं आणि मग जाड पी.यू. चढवलं की आवाज दबतो. मी नॅफ्था या पेट्रोलसारख्या द्रवाने घामाचा थर पुसला, रबराचा स्पर्श महिनाभर तोडला, डाग थोडे निबर झाल्यावर थेंब भरून सपाट केले. त्यांतला एक अजूनही तिरक्या उजेडात दिसतो. काकांना मुद्दाम दाखवला. हाताखालचा फिका पट्टा मात्र राहू दिला, त्यांनीही राहू दे म्हटलं.

आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी स्प्रे गन कपाटात असते. आज सकाळी आर्द्रता मोजायच्या काट्यावर 91 होतं. दोन गिटारी भिंतीला टांगल्या आहेत, दोन्हींच्या मानेला चिठ्ठी बांधली आहे: दसऱ्यानंतर.