वाचायला कधी शिकणार?

दुकानात गिऱ्हाईक विचारतं, सासरवाडीला मेहुणे विचारतात, पोराच्या शाळेतल्या मॅडमनी तर पालकसभेत सगळ्यांदेखत विचारलं: "फोनच सगळं वाचून दाखवतो म्हटल्यावर तुम्ही स्वतः वाचायला कधी शिकणार?" दर वेळी हसून वेळ मारून नेतो. आता एकदाच सांगतो. पुन्हा कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

नाही शिकणार. जेवढं येतं तेवढंच येणार. पारोळ्यात कृषी केंद्र, म्हणजे पिकांवरच्या औषधांचं दुकान चालवतो, चाळिशी गाठली, दहावी पास आहे. रडतखडत, पण आहे. नेहमीच्या औषधांची नावं एका नजरेत कळतात, आकड्यांचं माझं काही वाकडं नाही. नवा मजकूर समोर आला की भानगड सुरू होते. पहिली वेलांटी बोलायची अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराआधी. रफार बोलायचा आधी आणि काढायचा पुढच्याच्या डोक्यावर. तुमचं डोकं हा हिशेब न कळत करून टाकतं, माझं प्रत्येक शब्दाला थांबून करतं. तीन ओळींत घाम फुटतो.

"सराव करा" म्हणणाऱ्यांनो, शाळेची सगळी वर्षं सरावच केला, छड्या खाऊन. महाराष्ट्रानं डिस्लेक्सियाच्या, म्हणजे हुशारी असून वाचणं-लिहिणं जड जाणाऱ्या मुलांना दहावीला सवलती द्यायला सुरुवात केली १९९६ साली. मी परीक्षेला बसलो २००१ला. आमच्या सरांच्या कानावर ते आलेलं नव्हतं, आणि माझ्या अडचणीला काही नाव असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मी आपला ढ.

फोनचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही. पत्रकाचा फोटो काढायचा, गुगलचं लेन्स अॅप त्यातली अक्षरं उचलतं, 'ऐका' दाबलं की बाई वाचायला लागते. लिहायचं असलं तर बोलायचं. गुगलचं मराठी बोलून टाइप करणं २०१७ साली आलं आणि माझे सगळे मेसेज तेव्हापासूनचे. हा लेखही बोललेलाच आहे, पूर्णविराम-स्वल्पविराम बायकोनं घातलेत. गिऱ्हाईकाशी बोलतो अहिराणीत. ती फोनला कळत नाही, काहीतरी भलतंच उमटवतो. म्हणून फोनशी बोलताना शाळेतली मराठी काढावी लागते. ज्या भाषेच्या तासाला सगळ्यात जास्त मार खाल्ला तीच.

आता ती डीएईएसआयच्या, म्हणजे शेती-औषधं विकणाऱ्यांच्या डिप्लोमाच्या वर्गातली गोष्ट. मेहुण्यांनी अर्धीच ऐकलीय.

औषधं विकायला शिक्षणाची अट आली आणि आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांना हा वर्षभराचा डिप्लोमा करावा लागला. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा अभ्यासक्रम, आठवड्यातून एक दिवस वर्ग. कुठल्या केंद्रात बसलो ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, मला वाचायची अडचण आहे, एक इअरफोन कानात राहू द्या. ते म्हणाले, "बघू." लोक वर्गात व्हॉट्सअॅप बघतात म्हणून पुढे सगळ्यांचेच फोन दाराशी जमा व्हायला लागले. माझाही.

एके दिवशी विषय निघाला विषबाधेचा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना शेतकरी दगावले, त्यावरून. सरांनी प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचं पत्रक वाटलं आणि म्हणाले, एकेकानं उभं राहून एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. मी काय केलं असेल ते माझ्यासारख्यांना सांगायला नको. माझ्या पुढची डोकी मोजली, आपला परिच्छेद कोणता ते शोधलं आणि ओठांतल्या ओठांत घोकायला लागलो. 'लक्षणे' जमलं, 'घाम' जमलं, 'लाळ' जमलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, घसा बसलाय, आणि त्याचा परिच्छेद आला माझ्याकडे. प्रथमोपचाराचा.

'प्र' झाला. 'थ' झाला. पुढे गाडी हलेना. मागून कोण तरी हसलं. सर म्हणाले, "सावकाश." सावकाशही होईना. मग त्यांनी विचारलं, "लायसन्स कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

ते काही बोलले नाहीत. वडिलांच्या वेळेचे एक दुकानदार मागून म्हणाले, "अण्णाना पोऱ्या शे तो, सर." चांगल्या मनानं म्हणाले. त्यानं मी आणखी लहान झालो.

त्या परिच्छेदात काय होतं ते मला पाठ होतं. कपडे उतरवा, अंग साबण-पाण्यानं धुवा, माणसाला उघड्या हवेत आणा, डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. अॅट्रोपीन हा उतारा देणं डॉक्टरचं काम. गावात कितीजणांना मी हे तोंडी सांगितलंय. मग तिथंच का नाही बोललास, असं मेहुणे विचारतात. तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून. तुमचं कधी पडलं नसेल.

लेखी पेपरात कसाबसा, प्रात्यक्षिकात चांगला, असा पास झालो. लायसन्सचा तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. कारण अर्ध्या वेळेला मला वाटतं, सरांचं बरोबर होतं. विष विकणाऱ्याला वाचता यायला नको? फोन चुकतोही. बाटली गोल आणि चकचकीत, लेन्स घसरते. पत्रकात दोन-तीन भाषा शेजारी शेजारी असल्या की ती आडवीच वाचत सुटते, मराठीचं शेपूट हिंदीला. दशांश चिन्ह तर हमखास गिळते. अर्ध्याचे पाच झाले तर कपाशी जाईल, माणूसही जाईल. म्हणून पंपाला किती एमएल हा आकडा मी फोनवर सोडत नाही, डोळ्यानं बघतो आणि मगच बोलतो.

उरलेल्या वेळेला मला रागच येतो. कीटकनाशकाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषाच्या तीव्रतेप्रमाणे? १९७१च्या नियमांत तो कुणासाठी घातला? न वाचता कळावं म्हणूनच ना. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही. आणि तुम्ही, वाचता येणारे, ते मुंगीएवढ्या अक्षरांचं पत्रक शेवटचं कधी उलगडलंत? माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक नव्या औषधाचं मी पूर्ण ऐकलंय.

पूर्वी मी चष्म्याचा दाखला द्यायचो: तुम्हाला चष्मा, तसा मला फोन. आता देत नाही. चष्मा लावला तरी वाचतो माणूसच. माझ्याकडे वाचते ती बाई, मी ऐकतो. फरक आहे, आणि तो तुमच्याआधी मला कळलाय.

तर मॅडम, तुमचा रोख माझ्या पोराकडे होता हेही कळलं. त्याचंही अक्षरांशी जमत नाही. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग कायद्यात आलीय. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेली डिस्लेक्सिया ओळखायची 'डाली' चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे, त्यातला एक भाग खास शिक्षकांनी वापरावा असाच आहे. तुम्ही ती मागवा, मग माझ्या फोनचं बोलू.

त्याला आत्ताच इअरफोन द्यायचा की आधी अक्षरं नीट, पद्धतशीर शिकवून बघायची? लहानपणी योग्य शिकवणी मिळाली तर पुष्कळ मुलं बरीच पुढे जातात. फोन हातात आला की तो कष्ट कशाला घेईल? दहावीतला मी म्हणतो, दे आणि मोकळं कर त्याला. दुकानातला मी म्हणतो, थांब. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी दिवाळीच्या सुटीत त्याला घेऊन जाणार आहोत. फोनचं बायको म्हणते, द्या. परवा मी हो म्हणालो होतो, आज नाही म्हणतोय.