येनाच्या झाडावरची साडी

आईच्या पेटीत एक करवतकाठी साडी आहे, मातकट सोनेरी अंगाची आणि लाल काठाची. तिचं टसर, म्हणजे जंगली किड्याचं रेशीम, नेमकं येतं कुठून ते बघायचंच असं खूप दिवस मनात होतं, शेवटी या ऑक्टोबरमध्ये निघालेच. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी, गडचिरोली जिल्हा.

आरमोरीच्या पुढे जंगलात एका ढीवर कुटुंबाची झोपडी होती. ढीवर म्हणजे मूळचे मासेमारी करणारे, पण पावसाळा लागला की यातली बरीच घरं कोसा, म्हणजे टसरच्या किड्याचा कोष, घ्यायला जंगलात येतात. तुतीच्या रेशमाचे किडे घरात ट्रेमध्ये वाढवतात, पण टसरचा किडा उघड्यावर, येनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावरच वाढतो (ऐनाला इकडे येन म्हणतात). म्हणून राखण. काकांच्या हातात दिवसभर गुलेल. "पाखरू त टपूनच असते बाई, मुंग्याबी सोडत नाही, जेवाले बसलो तरी डोये वरतच," ते म्हणाले. एका झाडाचा पाला संपला की किड्यांसकट फांदी कापायची, दुसऱ्या झाडावर नेऊन अडकवायची आणि हे महिना दीड महिना, थंडीच्या पिकाला त्याहून जास्त, आणि मध्येच रोग आला तर सगळी मेहनत मातीत.

किडा मी पहिल्यांदाच जवळून बघितला. बोटाएवढा जाड, पोपटी हिरवा, पानाच्या कडेने कुरतडत चाललेला, आणि पानांत इतका मिसळून गेलेला की काकांनी बोट दाखवूनही मला मिनिटभर दिसला नाही. शेजारच्या फांदीवर कोसा तयार होता. तो नुसता चिकटलेला नसतो, किडा आधी रेशमाचा देठ विणतो, त्या देठाची कडी फांदीला गच्च बसवतो आणि मग स्वतःभोवती कोसा करतो. हातात घेतला तर सुपारीसारखा टणक. त्यातले चांगले कोसे बियाण्याला ठेवतात, बाहेर येणाऱ्या पतंगाला खायला तोंडच नसतं, अंडी घालून आठवडाभरात तो जातो. बाकीचे कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात, आतला जीव मरतो. हे मला जड गेलं, खरंच सांगते. धागा काढायचं काम बायकांचं, पूर्वी सगळ्या मांडीवर वळायच्या, मांडीची सालटी निघायची, आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय हे फार बरं झालं.

निघताना काकांनी एक कोसा दिला.

दुसऱ्या दिवशी पवनी, भंडाऱ्यावरून मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव गाठलं. इथले विणकर कोष्टी. खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर, दादा आणि वहिनी दोघं बसलेले, कारण करवतीला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, मधल्या टसरचा एक आणि दोन्ही काठांच्या सुताचे दोन. मधला धागा काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, ही अडकवायची जागा दर वेळी थोडी आत, मग थोडी बाहेर, तेव्हा कुठे ते करवतीचे दात उठतात. एक धागा चुकला की दात वाकडा. अर्धा तास बसले तर जेमतेम चार बोटं कापड पुढे सरकलं. याला जीआय, म्हणजे इथलीच खास वस्तू म्हणून सरकारी मान्यता, मिळालाय, पण दादांची मुलं नागपूरला नोकरीला आहेत, मागावर कोणी बसत नाही आणि त्यांना बसा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने, दिवसाला पडतं किती!

मी पर्समधून कोसा काढून वहिनींच्या हातावर ठेवला. कोसे त्यांनी खूप हाताळलेत, पण झाडावर कधीच बघितले नव्हते, सूत व्यापाऱ्याकडून येतं. मोबाईलवरचा किड्याचा फोटो दाखवला, तर त्यांनी धोटा बाजूला ठेवला, बोटांनी फोटो मोठा केला. "अय्या, हा इतका हिरवा राहते? मले वाटे भुऱ्या रंगाचा असन." मग दादांना हाक मारून म्हणाल्या, "पहा ना हो, आपलं टसर." तो फोटो त्यांना तिथेच व्हॉट्सअ‍ॅप केला, आणि मागावरच्या त्या चार बोटांचा फोटो आरमोरीच्या काकांच्या मुलाला.