रंग सोडला, पट्टा मात्र सुटेना : माझा अनुभव

केस रंगवणं बंद करण्यात काय एवढं, लावायचाच नाही, झालं. असं मला भेटेल ती सांगत होती. सांगणाऱ्यांपैकी एकही स्वतः त्यातून गेलेली नव्हती. जी गेलेली असते ती असं बोलत नाही. ती आधी विचारते, "कुठवर आलेत?" आणि तुमच्या भांगाकडे बघते. मधले जे महिने असतात, वरचे केस पांढरे आणि खालचे काळे, त्या महिन्यांबद्दल मला लिहायचंय. त्या महिन्यांत एका पार्लरमध्ये जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनही लिहितेय.

रंग का सोडला ते थोडक्यात सांगते. कंटाळा आला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे रंग लावून पंधरा दिवस होत नाहीत तोच भांगात पांढरी रेघ उमटते, कानशिलांपाशी तर त्याच्याही आधी दिसते. कुठे जायचं ठरलं की पहिला हिशोब मुळांचा. फोटो काढायचा म्हटलं की भांग इकडून तिकडे. या पहाऱ्यातून मला सुटायचं होतं. रंग लावणाऱ्या बाईबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. मी कितीतरी वर्षं लावला, तो मला शोभायचा आणि लावून झाल्यावर आरशात बघायला छान वाटायचं. पांढरे केस म्हणजे काही व्रत नाही आणि काळे केस म्हणजे खोटेपणा नाही. ज्या दोन बाया एकमेकींना यावरून टोमणे मारतात त्यांचा मला मनापासून वैताग येतो.

तर, बंद केला. सुरुवातीचे आठवडे सहज गेले. खरी गोची पट्टा दिसायला लागल्यावर झाली. पांढरे केस दोन-तीन बोटं वाढतात आणि तिथून खाली रंगवलेला काळा भाग सुरू होतो, अगदी पट्टी ठेवून आखल्यासारखा. केस आपोआप पांढरे होतात तेव्हा ते असे दिसत नाहीत, कारण तेव्हा काळे-पांढरे मिसळलेले असतात. राखाडी रंगाचं वेगळं रंगद्रव्य केसात नसतंच. काही केसांत मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा करणारं रंगद्रव्य, उरलेलं असतं, काहींत ते संपलेलं असतं आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही मिळून राखाडी दिसतात. रंग सोडताना मात्र हे मिश्रण फक्त वर असतं, खाली एकसंध काळा पडदा. म्हणून ती रेघ डोळ्यात खुपते. बघणारे विचारतात, "बरं नाहीये का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की नंतर "बरी आहे, रंग सोडलाय" हे उत्तर तोंडातच तयार असायचं. तुम्हीही तयार ठेवा, त्याने संभाषण पटकन संपतं.

मी पार्लरमध्ये गेले ते एक साधा प्रश्न घेऊन. मला पांढऱ्या मुळांना हात लावायचा नाहीये, फक्त ही रेघ जरा पुसट करता येईल का? तिथल्या बाईंनी केस हातात धरून वर-खाली पाहिले आणि म्हणाल्या, "होईल की मॅडम. दोन शेड फिका कलर सगळीकडे लावू. मुळं आणि टोकं एक होऊन जातील." इतक्या ठामपणे म्हणाल्या की विश्वास बसला. त्यांचा रोजचा धंदा आहे तो.

आता हे का होऊच शकत नव्हतं ते लिहिते, कारण ते कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. पर्मनंट रंग केसावर बाहेरून लेपासारखा बसत नाही. त्यातला अमोनिया, किंवा अमोनियाच्या जागी घातलेला दुसरा अल्कली, केसावरचे खवले उघडतो. रंगात कालवतात त्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरतं, मूळचं मेलॅनिन थोडं फिकं करतं आणि त्याच वेळी रंगाचे छोटे रेणू एकमेकांना जोडून मोठे करतं. मोठे झालेले रेणू आतच अडकतात, म्हणून ते धुऊन जात नाहीत. वाटीत कालवलेलं क्रीम आधी दुधी असतं आणि बघता बघता कडेने जांभळट काळं होत जातं, ते याचमुळे. पण हे पेरॉक्साइड जसं मेलॅनिनवर चालतं तसं आधीच्या रंगाच्या त्या अडकलेल्या रेणूंवर चालत नाही. रंगाने रंग उतरत नाही. फिका रंग काळ्या रंगवलेल्या लांबीवर ओतलात तरी ती लांबी काळीच राहणार आणि त्या रंगाला पकड मिळणार ती फक्त वर नव्याने उगवलेल्या केसांवर.

आणि तेच झालं. कित्येक तास खुर्चीत बसवून, डोकं धुऊन, ड्रायर मारून मला आरसा दाखवला तेव्हा खालचे केस होते तितकेच काळे होते. वरचा जो भाग मी लोकांचे प्रश्न झेलत वाढवला होता, तो सगळा तांबूस झाला होता. पांढरे होते ते बदामी, आणि त्यांच्यात जे मूळचे काळे होते ते नारिंगी. म्हणजे रेघ गेली नाही, फक्त तिचा रंग बदलला. माझे वाढवलेले महिने त्या एका बैठकीत रंगाखाली गेले, कारण पर्मनंट रंग बसलेला केस पुन्हा पांढरा होत नाही. त्याच्या मागून नवा पांढरा केस यावा लागतो. म्हणजे पुन्हा भांगापासून सुरुवात.

मी विचारलं, हे असं का झालं? उत्तर आलं, "दोन-तीन वॉश होऊ द्या, सेट होईल." मी विचारलं, कोणती शेड लावली, किती व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेतला, लिहून द्या. "आमचं कॉम्बिनेशन असतं मॅडम, ते सांगत नाही." हे उत्तर मला अजून चावतं. माझ्या डोक्याला काय लावलं हे मलाच सांगायचं नाही? डेव्हलपरचे आकडे काही गुपित नसतात: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. पुढे दुसरीकडे गेलात तर तिथल्या माणसाला हेच आधी कळायला हवं असतं. रंग लावून घेणार असाल तर बसण्याआधीच म्हणा, शेडचा नंबर आणि व्हॉल्यूम कागदावर लिहून द्याल का? नाही म्हणाले तर उठा.

पॅच टेस्टचंही तसंच. रंग लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडासा लावून बघायचा असतो, डब्यातल्या कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं लावताय, तुम्हाला काय गरज?" हे चूक आहे आणि धोक्याचं आहे. पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायमिन, या घटकाची अॅलर्जी वर्षानुवर्षं रंग लावल्यानंतरही होऊ शकते. वर्षानुवर्षं लावणाऱ्या बाईला तर हा प्रश्न जास्तच विचारायला हवा. केसांच्या कडेने खाज, पापण्या सुजणं, टाळूला ओल सुटणं यातलं काही झालं असेल तर पुढच्या वेळी "जरा कमी वेळ ठेवू" असं करू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि "काळी मेंदी" या नावाने मिळणाऱ्या वस्तूला मेंदी समजू नका. मेंदीच्या पानांनी केस नारिंगी-लालसर होतात, काळे होत नाहीत. काळं करणारं त्यात वेगळं काहीतरी असतं आणि अनेकदा ते पीपीडीच असतं.

हे शास्त्र नवंही नाही. यूजीन श्यूलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम केसरंग तयार केला तो १९०७ साली. त्याने १९०९ मध्ये काढलेल्या कंपनीचीच पुढे लॉरियाल झाली. शंभराहून जास्त वर्षं रंगांचा धंदा चालतोय आणि रंगाने रंग उतरत नाही एवढं वाक्य खुर्चीत बसलेल्या बाईला सांगायला कुणी तयार नाही.

पुढच्या खेपेला त्याच पार्लरने ब्लीच सुचवलं: काळी लांबी उतरवू, मग टोनर, म्हणजे उरलेली छटा बदलणारा हलका रंग, मारून पांढऱ्याशी जुळवू. हे होऊ शकतं, खोटं नाही. पण काळा रंगवलेला केस ब्लीचमध्ये आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्यांनी उतरतो आणि वर्षानुवर्षं रंगाचे थर घेतलेली टोकं त्यात सगळ्यात आधी कुरकुरीत होतात. एका बैठकीत हे करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. करायचंच असेल तर आधी मागच्या बाजूची एक बारीक बट घेऊन त्यावर करून दाखवा म्हणा. मी बट दाखवा म्हटलं तर "तेवढ्यासाठी माल काढावा लागतो" असं उत्तर आलं. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. त्या बाहेर पडण्याचा मला आजही अभिमान वाटतो.

नंतर ज्या हेअरड्रेसरकडे गेले त्याने केस ओले करून पाहिले आणि म्हणाला, "ताई, मी तुम्हाला काहीच लावणार नाही. कापू, आणि थांबू." इतकं बरं वाटलं ऐकून! पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं. त्याने हनुवटीपर्यंत आणलं, मग दर दोन-अडीच महिन्यांनी खालून थोडं थोडं. एकदम बारीक कापायची तयारी असेल तर सगळा प्रश्न एका दिवसात सुटतो, माझी नव्हती. खांद्याखालचे केस ठेवून रंग सोडायचा असेल तर दोन-अडीच वर्षं धरून चाला, हनुवटीपर्यंत आणलेत तर वर्ष-सव्वा वर्ष. वाढीचा वेग पाहता याहून लवकर होईल असं सांगणारा काहीतरी विकत असतो.

मधल्या दिवसांसाठी जे कामाला आलं: भांग सरळ न पाडता नागमोडी पाडणं, त्याने रेघ खरंच तुटते. केस मागे घेऊन रुंद बँड. अगदीच गरज असेल तेव्हा मुळांवर लावायची पावडर, जी त्याच दिवशी धुऊन निघते. डेमी-पर्मनंट लावू का हा मोह मलाही झाला. तो साधारण पंचवीसेक धुण्यांत फिका होतो असं सांगतात, पण पांढऱ्या केसावर त्याचीही छटा मागे राहू शकते, म्हणून मी नाही लावला.

पांढऱ्या केसांचा स्वभाव वेगळा असतो हे नंतर कळलं. माझे तरी जास्त कोरडे आणि उभे राहणारे निघाले. कंडिशनर आता दर वेळी, टोकांपासून वर, टाळूला नाही. ऊन, धूर आणि गरम इस्त्री यांनी पांढरे केस पिवळट पडतात. त्यासाठी जांभळा शाम्पू मिळतो, जांभळा रंग पिवळेपणा मारतो. पण तो अधूनमधून आणि थोडाच वेळ ठेवा, नाहीतर पांढऱ्या केसांवर निळसर झाक येते. इस्त्री किंवा कर्लर ओल्या केसांवर कधीच नाही. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो. पांढरा केस उपटल्याने दहा येत नाहीत, पण त्याच जागी पुन्हा पांढराच येतो आणि उपटून उपटून मूळ मात्र दुखावतं.

कात्री लावली त्या दिवशी शेवटची काळी टोकं खाली पडली तेव्हा मी हेअरड्रेसरला म्हटलं, आता मागून एक फोटो काढा. आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "शोभतंय गं." दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात फोटो काढत जा, हे मला वर कुठेतरी लिहायचं होतं. आरशात रोज बघून वाढ कळत नाही, फोटोत कळते, आणि मधल्या महिन्यांत तोच धीर देतो.

एक राहिलंच, भुवयांचं. केस पांढरे झाले की भुवया एकदम काळ्या किंवा एकदम फिक्या वाटायला लागतात आणि उरलेला केसरंग ब्रशने भुवयांवर ओढावासा वाटतो. नका ओढू. अमेरिकेत १९३० च्या दशकात पापण्या-भुवयांना लावायचा लॅश ल्युअर नावाचा असाच एक रंग निघाला होता. त्यातल्या पीपीडीसारख्या रसायनाने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टी गेली. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांसाठी कायदा आला त्यामागे अशीच प्रकरणं होती. केसरंगाच्या डब्यांवर भुवया-पापण्यांना लावू नका असा इशारा असतो. मी राखाडी-तपकिरी पेन्सिल फिरवते, तीही बाहेर जाताना.