वार की अपरा? माझे सात महिने एका शब्दात गेले

प्लासेंटाच्या, म्हणजे वारेच्या, जीन एक्सप्रेशनवर काम करायचं आहे, काय तयारी लागते, असं ज्युनिअर पोरं विचारतात तेव्हा मी किट, फ्रीजर यातलं काहीच आधी सांगत नाही. आधी संमतीपत्राचं सांगते, कारण माझे सात महिने त्यातच गेले आणि अजूनही आठवलं की डोकं फिरते.

विषय असा, की बीपी वाढलेल्या बाळंतिणीच्या वारेत कोणती जनुकं जास्त चालू असतात आणि नॉर्मलमध्ये कोणती. एफएलटी-१ नावाचं जनुक बीपीच्या केसमध्ये वारेत जास्त चालते, त्यातून निघालेलं प्रोटीन आईच्या रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या नीट ठेवणारे घटक धरून ठेवते, एवढं तर आधीच माहीत आहे. मला हे आपल्या इकडच्या, कापूस वेचता वेचता नववा लागलेल्या बायांमध्ये पाहायचं होतं, म्हणून तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय घेतलं. गाईड, फंड, परवानगीची पत्रं, सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आली एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरचं संशोधन आणि त्याचं संमतीपत्र तपासून मंजूर करणारी, जी दोन महिन्यांतून एकदा बसायची.

मराठी फॉर्ममध्ये मी सरळ 'वार' लिहिलं, कारण आमच्याकडे गायीची असो की बाईची, वारच म्हणतात. आता त्या मराठीचं परत इंग्रजी दुसऱ्याच माणसाकडून करून घ्यावं लागते, अर्थ बदलला का ते पाहायला. टायपिंगवाल्याने 'वारेचा'चं 'वाराचा' करून ठेवलं, मी घाईत पाहिलं नाही, आणि भाषांतर करणाऱ्यांनी वार म्हणजे सोमवार-मंगळवार धरला. इंग्रजीत वाक्य झालं की बाळंतपणानंतर आम्ही तुमच्या दिवसाचा छोटा तुकडा कापून घेऊ आणि उणे ८० डिग्रीला ठेवू! मीटिंगमध्ये सगळे हसले, मीही हसली, पण फॉर्म वापस. शेरा काय, तर ग्राम्य शब्द टाळून प्रमाण शब्द वापरावा, म्हणजे अपरा.

दोन महिने गेले. अपरा टाकून फॉर्म नेला तर कायद्याच्या मेंबरांना नवीनच शंका, की डेटामध्ये वाय क्रोमोसोमची जनुकं दिसतील, मुलगा की मुलगी कळेल, मग पीसीपीएनडीटीचं काय? अहो पोट्टं बाहेर येऊन रडून राहिलं असते, आजीने पेढे आणायचे की जिलेबी तेही ठरलं असते, त्यानंतर वार आमच्या हातात येते. १९९४चा तो कायदा जन्माआधीच्या लिंगनिदानाचा आहे. लेखी द्या म्हणाले, दिलं. थोडी चूक माझीही, पहिल्याच अर्जात "सॅम्पल बाळ जन्मल्यावरच घेणार" अशी एक ओळ टाकली असती तर हे झालंच नसतं. तुम्ही टाका.

त्यावर पुन्हा अट, की हा फॉर्म पाच गरोदर बायांना वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते लिहून आणा. महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, सगळ्या येतात, तर मी त्या दिवशी बाकड्यावर बसून वाचायला लागली. आशाताई बाजूला होत्या. पहिलीच बाई म्हणते, "अपरा म्हंजे एकादशी हाय ना? उपास त डॉक्टरनं बंद सांगतले मले." आशाताई तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरीला विचारलं तर तिची सासूच मधे बोलली, "मंग सरळ वार मन ना वं माय! अन् तुले कायले पायजे ते? आमी त पुरतो." दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते हे ऐकून सासूबाई आणखीनच तापल्या, पण सूनबाई म्हणाली, घेऊ द्या, मायाच बीपी वाढून राहिला ना.

'जनुकीय अभिव्यक्ती' हा तर सगळ्यांच्याच डोक्यावरून गेला. मग मी म्हटलं, घरात वायरिंग सगळीकडे आहे, पण कोणत्या खोलीतला लाईट चालू आणि कोणत्यातला बंद, ते आम्ही मोजतो. लगेच समजलं. हे सगळं बायांच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून दिलं, एकादशीसहित, आणि तिसऱ्या खेपेला 'वार, म्हणजे बाळ झाल्यावर मागून पडते ती' हे मंजूर झालं. सात महिन्यांपूर्वी मी जे लिहिलं होतं तेच, फक्त लांब.

बाकी आठवेल तसं सांगते. संमती कळा सुरू झाल्यावर मागू नका, ती बाई तेव्हा कशालाही हो म्हणते. आधीच घ्या, आणि पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाणार का तेही विचारा, माझ्या पंधरा सह्या अशाच माहेरी गेल्या. वार पडल्यापासून अर्ध्या तासात तुकडे घेतले तर बरं, आरएनए (चालू जनुकाची प्रत, आपण तीच मोजतो) थांबत नाही, तुटायला लागते. कडेचा भाग सोडून चार-पाच जागचे तुकडे घ्यायचे, आईचं रक्त थंड सलाईनने धुवून काढायचं, नाहीतर तुम्ही वारेची नाही, आईच्या रक्ताची जनुकं मोजत बसाल. तुकडा तुरीच्या दाण्याएवढाच, मोठा घेतला तर आरएनएलेटर, म्हणजे आरएनए टिकवणारं द्रावण, आतपर्यंत जात नाही. ते टाकल्यावर २५ डिग्रीला आठवडाभर टिकते म्हणतात, पण ३७ला एकच दिवस, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला, वरून लाईट जाते. माझ्या पहिल्या सहा ट्यूब फ्रीजच्या भरवशावर गेल्या. आरएनएचा दर्जा १० पैकी मोजतात, माझा आला २.

मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुचवलं, की गायींच्या रेतनाच्या कांड्या आम्ही लिक्विड नायट्रोजनमध्येच ठेवतो, उणे १९६, एक जुना कॅन पडला आहे, घेऊन जा. त्यानंतर ७च्या खाली आकडा आला नाही. तुमच्याही तालुक्याला असा कॅन मिळेल, फक्त नायट्रोजनची गाडी कोणत्या वारी येते ते आधी विचारून ठेवा.