कोणता व्यायाम धरू, म्हणजे सुटणार नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका व्यायामाचं नाव हवं असतं. पण त्याआधी आमचा प्रश्न असतो: दिवसभर काम काय करता?

यंत्रमागावर पाळी करणारा माणूस तासन्‌तास उभा असतो. संध्याकाळी त्याला पुन्हा पाच किलोमीटर चालायला लावलं तर आठवड्यात तो व्यायामाचं नाव टाकेल, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, कंबर धरलेली असते. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. ३० सेकंद थांबायचं. प्रत्येक पायाला तीनदा. मग उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. बिड्या वळणाऱ्या बाईचं याच्या उलट: मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढे आलेले. तिला चालणंच हवं. शिवाय दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरं टेकवून छाती पुढे काढायची, तीही ३० सेकंद. गल्ल्यावर किंवा संगणकासमोर बसणाऱ्यांनाही हेच लागू.

मग आवड. एकट्यानं चालायचा कंटाळा येत असेल तर लेझीम धरा. गणपतीच्या आधी आपल्याकडे चौकाचौकांत सराव चालतो आणि मिरवणूक संपली की लेझीम माळ्यावर जाते. ती खाली काढा. चार शेजारी, गच्ची, हलगीचा ठेका आणि २० मिनिटं पुरतात. वाकणं, उठणं, हात डोक्यावर नेणं सगळं त्यात येतं, आणि ठेक्यावर वेळ कसा जातो ते कळत नाही. मूठ सैल ठेवा, आवळून धरली की मनगट आणि कोपर दुखतं. खाली बसायचे प्रकार पहिले दोन आठवडे नकोत.

बहुतेकांचा व्यायाम मोडतो तो पहिल्याच आठवड्यात. उत्साहानं ५० बैठका मारल्या जातात. खाली जाताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, सवय नसेल तर त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून मागे स्टूल ठेवून आठ-आठ बैठका दोनदा, एक दिवस आड, दर आठवड्याला दोन वाढवत. दंड आधी भिंतीवर, मग ओट्यावर, शेवटी जमिनीवर. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तिथे दोन-तीन महिन्यांत पोहोचलात तरी चालेल.

२१ दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत, तर उरलेल्यांना त्याहून जास्त दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, असंही त्यात दिसलं.

सोलापुरात मात्र ऋतू बघावाच लागतो. जानेवारीत सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी आठला सुरू केलेलं चालणं मार्चअखेर बंद पडतं आणि माणूस स्वतःला आळशी ठरवतो. खरं कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, संध्याकाळी सातलाही डांबर आणि भिंती तापलेल्या असतात. होळी झाली की वेळ पहाटे साडेपाचवर आणा. नाहीच उठवलं तर दंड-बैठका घरात पंख्याखाली करा. व्यायाम अंगवळणी पडण्याआधी वेळेची अशी तजवीज झालेली हवी.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. चालताना छातीत दाटलं, घाम फुटला, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.